वहीतली नावं

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आजचा विषय कागदावर लिहिला की फार जड दिसतो. 'ज्यूंच्या संहाराचं शिक्षण आणि मानवी हक्क.' येताना न्हावऱ्याला एसटीत ओळखीच्या एक मावशी भेटल्या. "कुठं निघालीस?" म्हणाल्या. मी विषय सांगितला. "म्हंजे कुठलं गं ते?" जर्मनीचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या नळाला आठ दिस झालं पाणी न्हाई, आन् तू जर्मनीचं सांगत बसनार व्हय?" मी हसले, पण चौफुल्याला उतरेपर्यंत त्यांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. मला स्वतःलाही तो प्रश्न कितीतरी दिवस पडलेला होता.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या भागात आले, त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. माझं निम्मं काम कागदांचं. शिधापत्रिका, जन्माची नोंद, जातीचा दाखला. उरलेलं निम्मं बायकांच्या मारहाणीच्या तक्रारींचं. पारधी वस्त्यांवर जाणं-येणं त्यातूनच सुरू झालं. काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका महाविद्यालयानं मला मानवी हक्कांच्या तासांना बोलवायला सुरुवात केली. सर म्हणाले, "तुम्ही प्रत्यक्ष काम करता, मुलांना जरा जिवंत वाटेल." अभ्यासक्रमात एक ओळ होती: दुसरं महायुद्ध, ज्यूंचा संहार, आणि त्यातून १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्या एका ओळीवर मी चार तास घ्यायचं ठरवलं. त्या चार तासांत मी काय केलं आणि कुठे चुकले, तेच आज सांगणार आहे.

पहिल्या वर्षी मी जे सगळे करतात तेच केलं. फोटो दाखवले. प्रेतांचे ढीग, चष्म्यांचे ढीग, बुटांचे ढीग, तारेच्या कुंपणामागचे हाडांचे सापळे. साठ लाख ज्यू मारले, त्यांत सुमारे पंधरा लाख मुलं. आकडे फळ्यावर लिहिले. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, पोचलं. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, पण शिस्त होती ना त्याच्याकडे? आपल्याकडे असा एक माणूस पाहिजे." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. मुलगा वात्रट नव्हता. त्याच्या वडिलांची कांद्याची शेती, दरानं मार खाल्लेला, घरात कर्ज. त्याला कुणीतरी सगळं ताळ्यावर आणणारा हवा होता.

त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुण्यात फुटपाथवर पुस्तकं विकणाऱ्यांकडे हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर यशाच्या गुरुकिल्ल्यांच्या शेजारी मांडलेलं असतं. २००६ साली नवी मुंबईत खारघरला एका उपाहारगृहाला चक्क हिटलरचं नाव दिलं होतं. ज्यू समाजानं आणि इतरांनी निषेध केला तेव्हा ते बदललं. आपल्याकडे ज्यू माणूस कुणी पाहिलेलाच नसतो. तसं पाहिलं तर कोकणातले बेने इस्रायली शेकडो वर्षं मराठी बोलतायत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. वर्गातल्या निम्म्या मुली त्याच्यासमोरून खरेदीला गेल्या होत्या, एकीलाही ते माहीत नव्हतं.

तर फोटोंनी काय केलं? मुलांना वाटलं, हे राक्षसांनी केलं, कुठेतरी लांब, आणि राक्षस आता मेले. प्रेतांचा ढीग दाखवला की माणूस डोळे मिटतो. मिटलेल्या डोळ्यांनी शेजारी काय चाललंय ते कसं दिसणार?

दुसऱ्या वर्षी मी फोटो घरी ठेवले आणि कागदांपासून सुरुवात केली. कागद हा माझ्या रोजच्या कामातला. तालुक्याच्या कचेरीत एका शिक्क्यासाठी चार-चार हेलपाटे घातलेली बाई कागदाची ताकद ओळखून असते.

मी मुलांना तारखा क्रमानं सांगितल्या. १ एप्रिल १९३३, ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. 'बहिष्कार' म्हटल्याबरोबर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे वाळीत टाकलं." हो, वाळीतच टाकलं. आपल्याकडे वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू झाला. इतक्या उशिरा, आणि तोही महाराष्ट्रात! मग त्याच एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा. मग सप्टेंबर १९३५, न्यूरेंबर्गचे कायदे. ज्यूंचं नागरिकत्व गेलं, ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी आली. आणि एक कलम असं, की पंचेचाळीस वर्षांच्या आतल्या जर्मन बाईनं ज्यूच्या घरी मोलकरीण म्हणून राहायचं नाही. मुली एकदम सरसावून बसल्या. लग्न कुणाशी करायचं आणि कुणाच्या घरात पाऊल टाकायचं हे दुसऱ्यानं ठरवणं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बाईच्या शरीराभोवती कुंपण घातल्याशिवाय जातीची शुद्धता राखता येत नाही, हे आपण चळवळीत किती वर्षं बोलतोय! तिथे त्याला वंश म्हणत होते.

ज्यू कोण, हे ठरवायचं कसं? तर आजी-आजोबांवरून. चारांतले तीन ज्यू असले की तू ज्यू. त्यासाठी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या काढल्या, दाखले मागवले. नोकरीला, लग्नाला वंशाचा पुरावा. कारकून बसले, टाचण्या लावल्या, शिक्के मारले. ऑगस्ट १९३८ मध्ये फर्मान निघालं, की ज्याचं नाव ऐकून ज्यू असल्याचं कळत नाही त्यानं नावात भर घालायची. पुरुषांनी 'इस्रायल', बायकांनी 'सारा'. पुढे त्याच सालच्या ऑक्टोबरात पासपोर्टवर लाल अक्षर. सप्टेंबर १९४१ मध्ये कपड्यावर पिवळी चांदणी. गॅसच्या कोठड्या त्यानंतर आल्या. त्या आल्या तेव्हा कुणाला न्यायचं याच्या याद्या तयार होत्या.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पुढच्या वर्गात गेला होता, पण तोही या तासाला येऊन बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे यात कारकुनांना काही वाईट करतोय असं वाटलंच नसेल." याला मी उत्तर दिलं नाही. वर्गात दोन तलाठ्यांची मुलं होती, त्यांनीच वाद घातला.

दरम्यान मी वाचत होते आणि वाचताना एका गोष्टीपाशी अडकले. नाझींनी ज्यूंखेरीज आणखी एका समाजाला वंश म्हणून संपवायला घेतलं होतं. रोमा आणि सिंती. आपण त्यांना जिप्सी म्हणतो, त्यांना तो शब्द आवडत नाही. गाड्यांतून फिरणारे, घोड्यांचा व्यापार करणारे, कल्हई करणारे, वाजवणारे लोक. युरोपात ते 'जन्मजात चोर' म्हणून शेकडो वर्षं बदनाम. हिटलर यायच्या आधीपासून पोलिसांकडे त्यांच्या याद्या आणि बोटांचे ठसे होते. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरायचं होतं, तेव्हा शहर स्वच्छ दिसावं म्हणून रोमांना उचलून मार्त्सानच्या छावणीत नेऊन टाकलं. त्याच सुमारास रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरनं सरकारी खर्चानं त्यांच्या वंशावळी लिहायला घेतल्या. वस्तीवर जायचं, बायकापोरांशी गोड बोलायचं, आजी-पणजीची नावं विचारायची, डोक्याची मापं घ्यायची. डिसेंबर १९३८ मध्ये हिमलरनं हुकूम काढला, त्याच्यानंतर ही वंशावळ पोलिसांच्या हाताशी आली. आउश्विट्झला रोमांसाठी वेगळा विभाग होता. तिथे सुमारे तेवीस हजार माणसं नेली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक लोकांना, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, गॅसच्या कोठडीत घातलं. युरोपभर एकूण किती रोमा मारले याचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. अंदाजच, कारण मेल्यावर मोजणारं कुणी नव्हतं. जिवंतपणी मात्र अगदी नीट मोजलं होतं.

आणि पुढचं ऐका. युद्ध संपल्यावर वाचलेले रोमा भरपाई मागायला गेले, तर १९५६ साली जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १९४३ च्या आधी तुमच्यावर जे झालं ते वंशामुळे नव्हतं, तो गुन्हे रोखण्याचा बंदोबस्त होता. १९६३ मध्ये त्यात थोडी दुरुस्ती झाली. हा वंशसंहार होता असं जर्मन सरकारनं मान्य केलं १९८२ साली.

'गुन्हे रोखण्याचा बंदोबस्त' हे शब्द वाचले आणि माझ्या डोळ्यांसमोर जर्मनी राहिलीच नाही. हे वाक्य मी दर दिवाळीच्या आधी ऐकते. सण आला, आठवडे बाजारात गर्दी वाढली, की वस्तीवर जीप येते. "काही नाही मॅडम, प्रिव्हेन्टिव्ह आहे."

आपला कायदा १८७१ चा. गुन्हेगार जमाती कायदा. जर्मनीत जे १९३३ नंतर झालं त्याची भाषा आपल्याकडे इंग्रजांनी त्याच्या साठ वर्षं आधी लिहून ठेवली होती. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. जातीचा अर्थ त्यांनी असा लावला, आणि आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या लोकांना तो पटला, हेही विसरायचं नाही. जमातीतल्या प्रत्येकाचं नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगीची चिठ्ठी घ्यायची. १८९७ च्या दुरुस्तीनं चार वर्षांपासून पुढची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची सोय केली. १९११ साली कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला, १९२४ साली आणखी पक्का झाला. सोलापूरला काटेरी तारेच्या आतली सेटलमेंट होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा १२७ जमाती आणि सव्वा कोटीहून अधिक माणसं या यादीत होती. आपल्याला स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं, त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. आणि मग १९५९ साली आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचं नाव गेलं, वही राहिली.

तुलना करताना मी मुलांना एक गोष्ट दर वेळी बजावते, इथेही बजावते. इंग्रजांनी पारध्यांसाठी गॅसच्या कोठड्या बांधल्या नाहीत. आउश्विट्झ आणि सोलापूर एक नव्हे. ज्यूंच्या दुःखाला आपल्या दुःखाचं नुसतं उपमान करून टाकलं तर तोही त्यांचा अपमानच. पण रस्ता कुठून सुरू होतो ते पाहायचं असेल, तर सुरुवातीचे टप्पे फार सारखे दिसतात. शेवटचा टप्पा आला नाही म्हणून पहिले टप्पे माफ होत नाहीत.

१९९८ साली बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला. दौंडपासून बारामती किती लांब? त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाला बुधन शबर असाच मेला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले 'उचल्या'वाले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून तेव्हा विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला, प्रकरणं कोर्टात नेली. अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींना 'सवयीचे गुन्हेगार' धरणारे उल्लेखही त्यात आले. म्हणजे तोवर ते उल्लेख छापील नियमांत होते.

आता बायकांकडे येते. खरं म्हणजे आधीच यायला हवं होतं.

बर्लिनच्या उत्तरेला राव्हेन्सब्रूक नावाची बायकांची छावणी मे १९३९ मध्ये उघडली. सव्वा लाखाच्या आसपास बायका तिथून गेल्या. कपड्यावर रंगीत त्रिकोण. राजकीय कैद्यांना लाल, आणि 'असामाजिक' म्हणून आणलेल्यांना काळा. कोण होत्या या असामाजिक बायका? रोमा आणि सिंती बायका, वेश्याव्यवसाय करणाऱ्या, बेघर, काम नीट करत नाहीत असा शेरा बसलेल्या, लग्नाशिवाय मूल झालेल्या, चालचलणुकीबद्दल कुणीतरी तक्रार केलेल्या. ही यादी वर्गात वाचली तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, यात आमच्या गल्लीतल्या चार जणी बसतात." पहाटेची हजेरी तासन् तास चालायची, थंडीत उभं राहून. सुटल्यावरही या काळ्या त्रिकोणवाल्यांना कुणी वीरांगना म्हटलं नाही. घरच्यांनी नावं लपवली. त्याही नाझींच्या अत्याचाराच्या बळी होत्या, हे जर्मनीच्या संसदेनं मान्य केलं १३ फेब्रुवारी २०२० ला. पंचाहत्तर वर्षांनी! बाई 'चांगली' असेल तरच तिच्या दुःखाला किंमत, हे आपण आपल्या समित्यांवर बसूनसुद्धा कधी कधी करतो. मीही केलंय.

नसबंदीचंही तसंच. जुलै १९३३ च्या कायद्यानं जर्मनीत सुमारे चार लाख लोकांची सक्तीनं नसबंदी झाली. सदोष ठरवलेल्यांची. आपल्या विधिमंडळानं १९७६ साली, आणीबाणीत, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

मुलींना वाटायला नको की बायका फक्त सोसतात, म्हणून मी आपल्याच तालुक्यातलं एक नाव सांगते. केडगावचं मुक्तिसदन आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली आणून तिथे सांभाळल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या छावण्या आणि इस्पितळं उभी राहिली, तेव्हा तिथे बायकामुलींचं काय होतंय याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार नाराज झालं. छावणी म्हटली की तिच्या आत बायकांचं काय होतंय असं विचारणारी बाई इथे सव्वाशे वर्षांपूर्वी होती. आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता, तो बदलून 'सर्व मानव' करायला लावला आपल्या हंसाबेन मेहतांनी. हे दोन्ही ऐकल्यावर वर्ग जरा ताठ बसतो.

'छावणी' या शब्दावरून मात्र माझी एकदा फजिती झाली. मी छावणी छावणी म्हणत होते आणि अर्धा वर्ग गुरांची छावणी समजत होता. दुष्काळात चाऱ्याला जनावरं बांधतात ती. एकानं विचारलं, "मग कोल्हापूरची पोलंडवाल्यांची छावणी पण अशीच का?" कुठेतरी वाचलं होतं त्यानं. मी सांगितलं, नाही, वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना हिटलरनं नव्हे, रशियानं घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून ते इथवर आले. तिथे शाळा होती, चर्च होतं. एकाच शब्दात आसराही आणि तुरुंगही, हे मुलांना त्या दिवशी समजलं ते असं, चुकून.

आता जे सांगायला मला अवघड जातंय ते सांगते.

तिसऱ्या वर्षी रोमांचा तास होता. त्यांची भाषा मूळची आपल्याकडची. हिंदी, मराठी, गुजरातीची लांबची बहीण. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इथून निघाले. मी फळ्यावर त्यांचे आकडे लिहिले: येख, दुई, त्रिन, श्तार, पांज. मुलं खूश. येख, दुई करत बाकं वाजवायला लागली. मलाही चेव चढला. तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती. तिला मी तिच्या वस्तीवर लहानपणापासून पाहिलेलं. तिच्या दाखल्यासाठी मी स्वतः खेटे घातलेले. पारध्यांची घरात बोलायची भाषाही गुजरातीच्या जवळची. मी तिला म्हटलं, "अगं, तू सांग ना तुमच्या भाषेत आकडे. घरी बोलता ना तुम्ही?"

ती उभी राहिली नाही. मान खाली. मी पुन्हा म्हटलं, "लाजायचं काय त्यात? अभिमान वाटायला हवा."

आपल्याला माहितीये, पारध्यांची आडनावं काळे, पवार, भोसले, चव्हाण. वर्गात तोवर कुणालाच कळलेलं नव्हतं. ती गावात एका खोलीत आणखी दोन मुलींबरोबर भाड्यानं राहायची. आठवड्याच्या आत खोलीतल्या एकीचे दोनशे रुपये सापडेनात. ते पुढे तिच्याच दप्तरात सापडले म्हणे, पण तोपर्यंत घरमालकीणबाईंनी हिला सामान उचलायला सांगितलं होतं. ती वर्गात आली नाही. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. मी वंशावळी लिहिणाऱ्या त्या डॉक्टरबद्दल तावातावानं शिकवत होते, आणि वस्तीवर गोड बोलून मिळवलेली माहिती मी स्वतः वर्गात उघड केली होती.

मी वस्तीवर गेले. तिची आई चुलीपाशी होती. बस म्हणाली नाही, पण हाकललंही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, तुमीबी वहीत नाव लिवलं म्हना की."

मला काही बोलता आलं नाही. शेजारच्या झोपडीतल्या आजी येऊन बसल्या. वय ऐंशीच्या पुढे असेल. त्यांनीच मग विषय वळवला. आपली आई बहिणीच्या लग्नाला शेजारच्या गावी जायला निघाली, तेव्हा पोलिस पाटलाकडे चिठ्ठीसाठी सकाळपासून बसली होती, चिठ्ठी मिळाली तेव्हा लग्न लागून गेलं होतं, असं सांगितलं. पाटलानं वहीत तिच्या नावापुढे खूण केली ती मात्र वेळेवर. आजी हे हसत सांगत होत्या. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटतं तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं.

एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या लख्ख दिसली. या घरातल्या चार पुरुषांची नावं पोलिसांच्या यादीत आहेत, पत्त्यासकट. त्याच घराला शिधापत्रिका नाही, कारण पत्ता नाही. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. तो पुरावा असलाच तर कुठल्या तरी ठाण्याच्या जुन्या हजेरीबुकात असेल. ज्या सरकारनं पणजीला चिठ्ठीशिवाय हलू दिलं नाही, तेच सरकार पणतीला विचारतं, तुमची माणसं इथेच होती कशावरून?

मुलगी परत त्या महाविद्यालयात आली नाही. घरी बसून परीक्षा दिली, एक विषय राहिला. माझ्याशी ती बोलायला लागली ती सहा-सात महिन्यांनी, तेही फोनवर. म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला सांगा म्हणता. पोलिस पाटलाच्या पोराला का नाही सांगत, तुझ्या घरातली वही आण म्हणून?"

मी तिचं ऐकलं. आता मी वर्गात कुणाला जात, भाषा, वस्ती विचारत नाही. मुलांना सांगते, तुमच्या घरात कुणी पोलिस पाटील, तलाठी, मुख्याध्यापक, सरपंच होतं का? त्यांनी कुणाची नावं कशात लिहिली, ते विचारून या. गेल्या वर्षी एका मुलानं आजोबांचा एक जुना कागद खरोखरच आणला. ठशांच्या रकान्यासकट. त्यातली नावं मी झाकून मगच वर्गापुढे ठेवली. त्या दिवशी कुणी राक्षसांबद्दल बोललं नाही. एक मुलगी रडली. तिचे पणजोबा लिहिणाऱ्यांतले होते. सगळं सुधारलं असं नाही. एका पालकानं तक्रार केली, की इतिहासाच्या नावाखाली आमच्या घराण्याची बदनामी चाललीय. यंदा तास मिळतील की नाही मला माहीत नाही.

आणि वस्तीबद्दल बोलताना तिथल्या जातपंचायतीनं बायकांना दिलेल्या शिक्षांवर मी पांघरूण घालत नाही. ते पाहिलंय, त्यासाठी भांडलेही आहे. पोलिसांच्या वहीचा निषेध करायचा म्हणून पंचांची वही पवित्र होत नाही.

एक काम घेऊन आलेय. वस्तीतल्या बायकांनी आणि आम्ही मिळून माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज तयार केलाय. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या ठाण्यांमध्ये सराईत म्हणून किती नावं नोंदलेली आहेत, कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, नोंद काढण्याची पद्धत काय, आणि गेल्या दहा वर्षांत किती नावं काढली, असे चार प्रश्न. त्यात एकाही माणसाचं नाव नाही. ती अट त्या मुलीनं घातली, मसुदाही तिनंच लिहिला. पहिल्या अर्जाला 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर आलंय, त्यावर अपील केलंय. अर्जाच्या प्रती माझ्या पिशवीत आहेत. ज्यांच्या गावात वस्ती आहे त्यांनी जेवणानंतर घेऊन जा. भरायच्या आधी वस्तीतल्या बायकांकडे जाऊन बसा. त्या नको म्हणाल्या, तर तसाच परत आणा.